क्रूझवरची मोकळीक कुठे संपते?

माननीय संपादक महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीत अलीकडे महाकाय क्रूझ जहाजांवरील सहलींविषयी बरेच लिहून येत आहे. त्या लेखांतील छायाचित्रे सुंदर असतात आणि वर्णनही उत्साहाने केलेले असते. मात्र ‘हवे तेव्हा जेवा, हवे ते घाला, हवे तसे फिरा’ असे जे आश्वासन जवळपास प्रत्येक लेखात या ना त्या शब्दांत येते, त्याची मर्यादा कुठे आहे हे सहसा कोणी सांगत नाही. माझी नोकरीची वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली आणि निवृत्तीनंतर अशा मोठ्या जहाजांवरून मी प्रवासी म्हणूनही फिरलो. त्या दोन्ही अनुभवांवरून माझे म्हणणे असे आहे की, या जहाजांवरील मोकळीक खरी आहे, पण ती जेवण, पोशाख आणि करमणूक एवढ्यापुरती आहे, आणि तेवढ्यासाठीही आगाऊ आखणी प्रवाशालाच करावी लागते. वेळापत्रक, सुरक्षा आणि हिशेब या बाबतींत जहाज आजही पूर्वीइतकेच काटेकोर आहे.

जुन्या पद्धतीत मुख्य भोजनगृहात रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती असत, एक लवकरची आणि एक उशिराची. प्रवाशाला एक टेबल नेमून दिले जाई आणि सहल संपेपर्यंत तेच टेबल, तेच सोबती व तेच वाढपी असत. ठरावीक रात्री औपचारिक पोशाख करूनच जेवायला यावे लागे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’ या नावाने हा शिरस्ता मोडला. पंगतींऐवजी अनेक उपाहारगृहे, ठरलेल्या वेळेऐवजी संध्याकाळभर उघडी दारे आणि पोशाखाबाबत सैल नियम असे या नव्या पद्धतीचे स्वरूप होते. पुढे इतर कंपन्यांनीही असाच पर्याय निरनिराळ्या नावांनी देऊ केला, मात्र काहींनी जुनी ठरावीक वेळही चालू ठेवली. त्यामुळे आरक्षण करतानाच आपण कोणता पर्याय घेतला आहे हे पाहून घ्यावे, कारण जहाजावर चढल्यानंतर तो बदलून मिळेलच असे नाही.

प्रत्यक्षात होते असे की, जेवणाची वेळ मोकळी ठेवली तरी माणसांची भूक मोकळी राहत नाही. साधारण सात ते साडेआठच्या दरम्यान बहुतेकांना जेवायचे असते आणि त्या वेळी मुख्य भोजनगृहाबाहेर रांग लागते. दोघांना टेबल लवकर मिळते, पण आठ-दहा जणांच्या कुटुंबाला एकत्र बसायचे असेल तर बराच वेळ थांबावे लागते. यावर उपाय म्हणजे एकतर लवकर किंवा उशिरा जेवणे, नाहीतर कंपनीच्या अॅपवरून आधीच टेबल राखून ठेवणे. जादा शुल्काच्या खास उपाहारगृहांचे आरक्षण तर अनेकदा जहाज सुटण्याच्या कित्येक आठवडे आधी सुरू होते आणि सोयीच्या वेळा तेव्हाच भरून जातात. मोठ्या खेळांचेही तेच. हजारो प्रवासी एका नाट्यगृहात मावत नाहीत, म्हणून एकच प्रयोग अनेकदा केला जातो आणि त्याची जागा, ती विनामूल्य असली तरी, आधी नोंदवावी लागते. नोंदवून वेळेवर पोहोचले नाही तर ती दारात थांबलेल्यांना दिली जाते. ज्यांना सुट्टीत कसलेही वेळापत्रक नको असते, अशांना ही आगाऊ नोंदणीची कटकट आवडत नाही. त्यांनी लहान जहाजाचा विचार जरूर करावा.

पथ्य पाळणाऱ्या किंवा अन्नाची अॅलर्जी असलेल्या प्रवाशांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. जुन्या पद्धतीत पहिल्या रात्री वाढप्याला सांगितले की तो पुढे सगळ्या सहलीत काळजी घेत असे. आता रोज नवे टेबल, नवा वाढपी आणि पुष्कळदा नवे स्वयंपाकघरही असते. म्हणून आरक्षणाच्या वेळी कंपनीला लेखी कळवावेच, शिवाय प्रत्येक ठिकाणी बसल्याबरोबर मुख्य वाढप्याला पुन्हा सांगावे. बुफेमध्ये एका पदार्थातला चमचा दुसऱ्या पदार्थात जाण्याची शक्यता असल्याने गंभीर अॅलर्जी असणाऱ्यांनी तिथे न जेवणे बरे. पोशाखाबाबतची सवलतही सरसकट नाही. पोहण्याच्या कपड्यांत उपाहारगृहात प्रवेश मिळत नाही आणि काही उपाहारगृहे संध्याकाळी पूर्ण लांबीच्या पँटची अपेक्षा ठेवतात.

सेवाशुल्काविषयी प्रवाशांत बरीच नाराजी दिसते, म्हणून त्यामागचे कारण सांगतो. ठरलेल्या टेबलाबरोबर ठरलेला वाढपीही गेला आणि शेवटच्या रात्री पाकिटात घालून बक्षिसी देण्याची प्रथा निरर्थक झाली. मग दर माणशी दर दिवशी ठरावीक रक्कम प्रवाशाच्या खात्यावर आपोआप लावली जाऊ लागली. ही रक्कम मुलांसाठीही आकारली जाते, फक्त अगदी लहान बालकांना बहुतेक ठिकाणी सूट असते. चौघांच्या कुटुंबाने आठवडाभराचा गुणाकार आधीच करून ठेवावा, कारण जाहिरातीतील आकड्यात ती बहुधा धरलेली नसते. ही रक्कम कमी करून घेण्याची सोय अनेक जहाजांवर असते हे खरे; पण माझ्या मते सेवेत खरोखर खोट नसेल तर ती कोणी वापरू नये. कपडे धुणारे, भांडी घासणारे आणि जिने पुसणारे प्रवाशाला कधी दिसतही नाहीत, आणि अशा पडद्याआडच्या कामगारांपर्यंतही या रकमेतला वाटा जात असतो.

जाहिरातीत छापलेल्या भाड्यात सामान्यतः केबिन, मुख्य भोजनगृह व बुफे, बहुतेक कार्यक्रम, पोहण्याचे तलाव, व्यायामशाळा आणि मुलांचा क्लब एवढे येते. मद्य, शीतपेये, खास उपाहारगृहे, इंटरनेट, स्पा, छायाचित्रे, कपडे धुलाई, किनाऱ्यावरच्या सहली आणि डॉक्टर यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात. ‘पेयांचे पॅकेज’ घेताना दोन अटी वाचाव्यात. अनेक कंपन्यांत एकाच केबिनमधील सर्व प्रौढांनी ते घ्यावे अशी सक्ती असते, आणि ‘मोफत’ म्हणून जाहीर केलेल्या पॅकेजवरही कधीकधी सेवाशुल्क मोजावे लागते. जहाजावर रोख पैसा चालत नाही. केबिनची किल्ली असलेले कार्ड दाखवले की रक्कम खात्यात चढते. हातातून नोट जात नसल्याने खर्चाचा अंदाज राहत नाही, तेव्हा अॅपवर किंवा केबिनमधील टीव्हीवर आपले खाते दररोज पाहावे. चुकीची नोंद त्याच दिवशी दाखवली तर लगेच दुरुस्त होते; शेवटच्या सकाळी स्वागतकक्षाच्या खिडकीपुढे मोठी रांग असते.

भाडे दोघांच्या केबिनचे गृहीत धरलेले असते आणि एकट्या प्रवाशाकडून बहुधा जवळजवळ दुप्पट रक्कम घेतली जाते. २०१० साली आलेल्या नॉर्वेजियन एपिक या जहाजावर एकट्यांसाठी १२८ छोट्या ‘स्टुडिओ’ केबिन आणि त्यांच्यासाठी वेगळी बैठकीची जागा ठेवण्यात आली, आणि त्यानंतर अशा केबिन इतरत्रही दिसू लागल्या. त्या खूप लहान असतात, सुमारे ९ चौरस मीटर, आणि त्यांना समुद्राकडे खिडकी नसते. तरीही एकट्याने फिरणाऱ्यांसाठी ही खरी सुधारणा आहे असे मला वाटते.

जहाजाच्या आकाराविषयी लेखांतून नेहमी एक गफलत होते. ‘अडीच लाख टनांचे जहाज’ असे वाचल्यावर ते वजन वाटते. प्रत्यक्षात ‘ग्रॉस टनेज’ हे जहाजातील बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेले मान आहे. २०२४ मध्ये सेवेत आलेल्या आयकॉन ऑफ द सीज या जहाजाचे हे मान २,४८,६६३ आहे, लांबी सुमारे ३६५ मीटर, डेक २०, आणि प्रत्येक केबिनमध्ये दोघे धरले तर प्रवासी ५,६१०. पण तिसऱ्या-चौथ्या बिछान्यांसह ही संख्या ७,६०० पर्यंत जाऊ शकते, आणि शाळांच्या सुट्ट्यांत ती वरच्या आकड्याकडे सरकते. त्यामुळे तेच जहाज एका मोसमात ऐसपैस आणि दुसऱ्या मोसमात गजबजलेले वाटते. गर्दी सहन न होणाऱ्यांनी तारीख निवडताना जहाजाच्या नावापेक्षा शाळेचे वेळापत्रक आधी पाहावे!

केबिन निवडताना बाल्कनीचा मोह सर्वांना होतो. ज्याला समुद्र लागतो त्याने मात्र जहाजाच्या मध्यभागी आणि शक्यतो खालच्या डेकवरची केबिन घ्यावी, कारण हेलकावे तिथे सर्वांत कमी जाणवतात. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात. ते जहाजाचे डावी-उजवीकडे झुकणे पुष्कळ कमी करतात, पण पुढचा-मागचा भाग वर-खाली होणे थांबवू शकत नाहीत. म्हणून अगदी पुढच्या टोकाची, उंच डेकवरची महागडी केबिन वादळी समुद्रात अधिक त्रासाची ठरते. डेकचा नकाशा समोर ठेवून आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे तेही पाहावे. वर बुफे असेल तर पहाटेपासून खुर्च्या सरकवण्याचा आवाज आणि खाली नृत्यगृह असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. केबिनमध्ये इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड नेण्यास मनाई असते, आणि सामान तपासताना ते काढून घेतले जातात. प्रवासी यावर चिडतात. पण समुद्रातल्या आगीपासून पळून जायला जागा नसते, हे इंजिनरूममध्ये उमेदवारी केलेल्या माणसाला पटवून द्यावे लागत नाही.

याच कारणाने सुरक्षा कवायतीविषयी थोडे विस्ताराने लिहितो. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि लाइफबोटी व कवायती यांचे नियम त्यातून पुढे आले. तरीही शतकभराने, १३ जानेवारी २०१२ रोजी, कोस्टा काँकॉर्डिया हे क्रूझ जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलंडले आणि ३२ जण दगावले. त्याच संध्याकाळी जहाजावर चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांच्या आत घेतली तरी चालत असे. नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच ती घेणे बंधनकारक झाले. कोविडच्या साथीनंतर अनेक कंपन्यांनी कवायतीलाही मोकळे रूप दिले आहे; फोनवर किंवा टीव्हीवर माहितीपट पाहायचा आणि मग सवडीने आपल्या जमण्याच्या ठिकाणी जाऊन कार्ड तपासून घ्यायचे. रांगा टळल्या, पण माहितीपट नुसता चालू ठेवून प्रवासी सामान लावत बसतात हेही मी पाहिले आहे. जहाजावर चढल्यावर बुफेकडे जाण्याआधी हे काम उरकावे, केबिनपासून जमण्याच्या ठिकाणापर्यंत लिफ्ट न वापरता एकदा चालून पाहावे आणि सात लहान व एक लांब भोंगा हा आणीबाणीचा इशारा मुलांनाही पाठ करायला लावावा.

बंदरांच्या बाबतीत तर मोकळीक जवळपास नसतेच. परतण्याची शेवटची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते आणि ते घड्याळ किनाऱ्यावरच्या घड्याळापेक्षा वेगळे असू शकते. आपला मोबाइल किनाऱ्यावरची वेळ आपोआप पकडतो आणि तिथेच घोळ होतो. कंपनीने आयोजित केलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबते, किंवा त्या प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतःच्या व्यवस्थेने फिरायला गेलेल्यासाठी ते थांबत नाही. हे निर्दयीपणाने केले जात नाही. धक्क्यावरची जागा, वाटाड्या कप्तान म्हणजे पायलट, टगबोटी आणि भरती-ओहोटी यांच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि एक तास उशीर झाला तर तो पुढे वेग वाढवून, म्हणजे भरपूर इंधन जाळून भरून काढावा लागतो. स्वतंत्रपणे जरूर फिरावे, पण सर्वांत लांबचे ठिकाण सकाळी पाहून दुपारी जहाजाच्या जवळपास राहावे. पासपोर्टची छायाप्रत, आवश्यक औषधे आणि जहाजाच्या स्थानिक प्रतिनिधीचा फोन क्रमांक खिशात असावा. हा क्रमांक जहाजाच्या दैनिक पत्रकात दिलेला असतो.

माहितीपत्रकातील शहराचे नाव आणि प्रत्यक्ष बंदर यांतले अंतरही तपासावे. ‘रोम’ म्हणजे चिव्हितावेक्या, तेथून रोम सुमारे ७०-८० किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, तेथून पॅरिस जवळपास २०० किलोमीटर. जहाज आठ-दहा तास थांबणार असेल तर त्यातले किती तास बसमध्ये जाणार याचा हिशेब घरी बसूनच करता येतो. काही ठिकाणी मोठ्या जहाजांना मज्जावही झाला आहे. व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून २५,००० ग्रॉस टनेजपेक्षा मोठ्या जहाजांना ऑगस्ट २०२१ पासून जाता येत नाही. त्यामुळे सॅन मार्कोच्या चौकासमोरून जाणाऱ्या महाकाय जहाजाचे जुने छायाचित्र पाहून कोणी आरक्षण करू नये. जिथे धक्का अपुरा असतो तिथे जहाज नांगर टाकून उभे राहते आणि लहान बोटींनी प्रवासी किनाऱ्यावर नेले जातात. समुद्र खवळला की हे थांबते. उंच भिंतीसारख्या बाजूंमुळे मोठ्या जहाजावर वाऱ्याचा जोरही फार बसतो आणि कप्तान ऐन वेळी बंदर गाळू शकतो. प्रवासाच्या करारात हा अधिकार स्पष्ट लिहिलेला असतो, आणि अशा वेळी सामान्यतः त्या बंदराच्या करापलीकडे परतावा मिळत नाही. एखाद्या बंदरासाठीच सहल घेणाऱ्याने हे मनाशी धरून चालावे. कप्तानाच्या अशा निर्णयावर स्वागतकक्षात आरडाओरडा करणारे प्रवासी पाहिले की मला संकोच वाटतो.

आरोग्याबाबत थोडक्यात लिहितो. जहाजावर डॉक्टर, परिचारिका आणि छोटे रुग्णालय असते, पण त्यांचे बिल खाजगी रुग्णालयासारखेच येते आणि हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर नेण्याची वेळ आली तर खर्च डोळे पांढरे करणारा असतो. म्हणून वैद्यकीय स्थलांतराचा समावेश असलेला विमा घेतल्याशिवाय निघू नये. सहल संपेपर्यंत गर्भारपणाचे २४ आठवडे होणार असतील तर बहुतेक मोठ्या कंपन्या प्रवेश देत नाहीत आणि साधारण सहा महिन्यांखालच्या बाळांनाही नेता येत नाही. बुफेच्या दाराशी ठेवलेले जंतुनाशक जेल चोळले की काम झाले असे समजू नये. उलट्या-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचे जेल नीट चालत नाही. त्याला साबण आणि वाहते पाणीच हवे. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या क्रूझ जहाजांची स्वच्छता तेथील रोगनियंत्रण केंद्र तपासते, शंभरांपैकी गुण देते आणि ८६ पेक्षा कमी गुण मिळालेले जहाज नापास समजले जाते. हे गुण सर्वांना पाहता येतात.

कर्मचाऱ्यांविषयी आपल्या लेखांत केवळ ‘हसतमुख’ एवढेच विशेषण असते. ही माणसे महिनोन्‌महिने घरापासून दूर, बहुधा साप्ताहिक सुट्टीशिवाय काम करतात. २००६ च्या सागरी कामगार कराराने, जो २०१३ मध्ये अमलात आला, त्यांना चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती देणे बंधनकारक केले आहे. याचा अर्थ एखाद्या दिवशी चौदा तास काम नियमात बसते. प्रवाशाला मध्यरात्रीही खायला मिळते, कारण कुणीतरी त्या वेळी पाळीवर उभा असतो.

इंटरनेट पूर्वीपेक्षा बरेच सुधारले असले तरी ते महाग आहे. जहाज सुटताच मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर टाकावा, अन्यथा तो जहाजावरच्या उपग्रह-आधारित नेटवर्कला आपोआप जोडला जाऊन रोमिंगचे अवाच्या सवा बिल येते. दुकाने आणि कसिनो बंदरात बहुधा बंद असतात, कारण तिथे स्थानिक कर आणि कायदे लागू होतात.

चढण्याच्या दिवशी मोठे सामान केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत पोहोचते, म्हणून औषधे, कागदपत्रे आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवावा. उतरण्याच्या आदल्या रात्री तेच सामान दाराबाहेर काढून ठेवायचे असते. उतरतानाचे कपडे त्यात बांधून टाकू नयेत, ही सूचना हास्यास्पद वाटली तरी दर सहलीत कोणी ना कोणी पायजम्यात उतरताना दिसते. आपले सामान आपणच उचलून नेणाऱ्यांना सर्वांत आधी उतरता येते. केबिन मात्र सकाळी लवकरच रिकामी करावी लागते, कारण त्याच दुपारी त्याच जहाजावर तितकेच नवे प्रवासी चढायचे असतात आणि तेवढ्या काही तासांत हजारो बिछाने बदलले जातात.

आपल्या पुरवणीला एक विनंती आहे. यापुढे क्रूझविषयीच्या लेखासोबत जहाजाचे जाहिरातीतील भाडे छापाल, तेव्हा त्याखाली सेवाशुल्क, बंदर-कर आणि भाड्यात न येणाऱ्या बाबी यांची एक छोटी चौकट द्यावी, प्रत्येक बंदरापासून मुख्य शहराचे अंतर लिहावे आणि लेखकाची सहल कंपनीच्या खर्चाने झाली असल्यास तसे नमूद करावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सागरी अभियंता